दुर्बिणीतून ऑपरेशन: पोटावरचा छेद लहान झाला, आतलं काम तेवढंच राहिलं

"डॉक्टरानू, दुर्बिणीतून होतला मां?" पित्ताशयात खडे, अपेंडिक्स, हर्निया, काहीही निघो, मी सर्जनच्या नावाची चिठ्ठी लिहायला घेतली की हा प्रश्न येतोच. पाठोपाठ दुसरा: "मगे कामाक कधी जावक गावतला?", म्हणजे कामावर कधी जाता येईल? मी सिंधुदुर्गातला साधा जनरल प्रॅक्टिशनर. शस्त्रक्रिया करत नाही. करणाऱ्यांकडे माणसं पाठवतो आणि काही दिवसांनी तीच माणसं टाके दाखवायला माझ्याकडे येतात. ऑपरेशन थिएटरच्या अलीकडचं आणि पलीकडचं असं दोन्ही त्यामुळे मला दिसतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हल्ली बहुतेक वेळा "हो" असतं. पण त्या "हो"चा अर्थ लोक "म्हणजे किरकोळच आहे" असा लावतात, आणि घोटाळा तिथे होतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने पोटावरची जखम लहान केली. पोटाच्या आत जे कापायचं, बांधायचं, सोडवायचं, ते सगळं पूर्वीइतकंच आहे. हे एकदा नीट समजलं की कोणते फायदे खरे, कोणते फुगवलेले आणि धोका नेमका कुठे, ते आपोआप उलगडत जातं.

दुखतं ती भिंत

पित्ताशय काढायचं जुनं ऑपरेशन म्हणजे उजव्या बरगडीखाली वीतभर छेद. कातडी, चरबी आणि स्नायूंचे थर कापत आत जायचं. गंमत अशी की आतडं किंवा पित्ताशय नुसतं कापलं तर त्याची वेदना फारशी जाणवत नाही. हे अवयव ताणले, पिळले गेले किंवा त्यांचा रक्तपुरवठा तुटला तर कळवळायला होतं. ऑपरेशननंतरचं बरंचसं दुखणं पोटाच्या भिंतीचं असतं. ही भिंत प्रत्येक श्वासाला हलते. ती दुखते म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कुशीवर वळत नाही. मग फुप्फुसाच्या तळाशी कफ साचतो आणि म्हाताऱ्या, विडी ओढणाऱ्या माणसाला न्यूमोनिया गाठतो. जखमेत पू होणं, पुढे वर्षभराने त्याच जागी हर्निया उतरणं, हेही भिंतीचेच त्रास.

दुर्बिणीने वाचवलं ते हे. पित्ताशयासाठी साधारण चार भोकं पाडतात, त्यातली दोन सेंटिमीटरभराची आणि दोन अर्ध्या सेंटिमीटरची. बेंबीजवळच्या भोकातून कॅमेरा आत जातो, बाकीच्यांतून लांब दांड्याची अवजारं, आणि सर्जन समोरच्या पडद्यावर बघून काम करतो. दुखणं कमी, जखम चिघळण्याचं प्रमाण कमी, दुसऱ्या दिवशी माणूस हिंडता. पोटात आतडी एकमेकांना चिकटण्याचं प्रमाणही कमी. हे फायदे खरे आहेत, मी ते रोज बघतो.

काम करायला आत जागा हवी, म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. हवा किंवा ऑक्सिजन चालत नाही, कारण आत विजेच्या अवजाराने रक्तस्राव थांबवायचा असतो आणि ऑक्सिजन आग भडकवतो. कार्बन डायऑक्साइड पेट घेत नाही, चुकून रक्तात गेला तरी चटकन विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. दाब साधारण 12 ते 15 मिलिमीटर पारा इतका ठेवतात. एवढ्याने पोट तंबूसारखं फुगतं, पण छातीचा पडदाही वर ढकलला जातो. म्हणून ज्यांचं हृदय किंवा फुप्फुस अशक्त आहे त्यांच्याबाबत भूलतज्ज्ञ दहा प्रश्न विचारतो, आणि त्याला वेळ लागला म्हणून नातेवाइकांनी वैतागू नये.

या गॅसचा एक परिणाम कुणी आधी सांगत नाही आणि मग मला रात्री फोन येतो. पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाचा उजवा खांदा दुखायला लागतो! घरचे घाबरतात, कुणी म्हणतं हार्टचं असेल. उरलेल्या गॅसने छातीच्या पडद्याला खाजवल्यासारखं होतं. त्या पडद्याची नस मानेतून निघते आणि खांद्याच्या नसाही मानेच्या त्याच भागातून येतात, म्हणून मेंदूचा पत्ता चुकतो. दोन-तीन दिवसांत हे आपोआप जातं. मात्र छातीत दडपण, घाम, दम लागणं असं सोबत असेल तर खांदा समजून घरी बसू नये.

सर्जनांचाही विरोध होता

1980 साली जर्मनीतल्या कील शहरात कुर्ट झेम यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं. झेम स्त्रीरोगतज्ज्ञ. सर्जन मंडळींनी त्यांच्यावर झोड उठवली. 1985 मध्ये एरिक म्यूहे यांनी, तेही जर्मनीतच, या पद्धतीने पित्ताशय काढलं, तेव्हाही स्वागत थंडच झालं. 1987 मध्ये फ्रान्समध्ये ल्योनच्या फिलिप मूरे यांनी ते केलं आणि मग मात्र लाट आली. भारतात 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. उदवाडियांचा आग्रह लक्षात ठेवण्यासारखा आहे: हे तंत्र श्रीमंतांची चैन नाही, ज्याचं पोट हातावर आहे त्यालाच ते जास्त उपयोगी, कारण त्याला लवकर कामावर जायचं असतं.

आता एक चाचणी सांगतो, ती मला फार आवडते. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या सर्जनांनी 200 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं, दुसऱ्याचं छोट्याशा छेदातून, म्हणजे ओपनच, पण वीतभर न कापता. मग सगळ्यांच्या पोटावर एकसारखी मोठी पट्टी चिकटवली. कुणाचं कसं झालंय ते रुग्णाला ठाऊक नाही, वॉर्डातल्या सिस्टरलाही नाही. 1996 मध्ये निकाल छापून आला. दोन्ही गट रुग्णालयात सारखेच दिवस राहिले, बरं व्हायलाही जवळपास सारखाच वेळ लागला, आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनला वेळ मात्र जास्त लागला.

याचा अर्थ दुर्बीण निरुपयोगी असा नाही. त्या वेळी सर्जनांचा हात बसायचा होता, अवजारं आजच्यापेक्षा कच्ची होती. पण "लवकर घरी जाता येतं" या फायद्यातला काही भाग दुर्बिणीचा आणि काही भाग आपल्या अपेक्षेचा असतो, हे त्या पट्टीने उघड केलं. रुग्णाला, सिस्टरला, डॉक्टरला वाटतं की दुर्बिणीचं आहे, उद्या सोडू. मग उद्या सोडतात. पुढे याच विषयावरच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हाही छोटा छेद आणि दुर्बीण यांत मोठा फरक सापडला नाही. तेव्हा एखादा अनुभवी सर्जन म्हणाला की तुझं मी लहान छेदातून करतो, तर त्याला मागासलेला ठरवू नका.

डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी 1990 च्या दशकात हेच दुसऱ्या टोकाने दाखवलं. ओपन पद्धतीने मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांना त्यांनी लवकर पाणी आणि खाणं दिलं, पहिल्याच दिवशी चालवलं, वेदना नीट आवरल्या, नाकातली नळी टाळली. बरेच रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी गेले. आपल्याकडे अजूनही "चार दिवस तोंडात काही घालू नको" म्हणणारे नातेवाईक भेटतात. सर्जनने परवानगी दिली असेल तर पेज पाजा. त्या अवस्थेत आमच्या पेजेइतकं चांगलं काही नाही, मीठ घातलेली असेल तर उत्तम.

लांब दांड्याची किंमत

झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, आंबा काढणाऱ्याला विचारा. देठ दिसतो, काठी पोचते, पण आंबा हाताला लागत नाही. तो कच्चा आहे की भरलेला ते बोटांना कळत नाही. दुर्बिणीच्या सर्जनचं तसंच आहे. पडद्यावर सगळं मोठं आणि लख्ख दिसतं, पण बोटांची जाणीव जवळपास गेलेली असते.

पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये याची झळ एका ठिकाणी बसते. यकृताकडून आतड्याकडे जाणारी मुख्य पित्तनलिका आणि पित्ताशयाची छोटी नळी एकमेकींना लागून असतात. छोटी कापायची, मोठीला हात लावायचा नाही. सूज आली असेल तर दोन्ही एकच दिसतात. ओपन शस्त्रक्रियेच्या काळात मुख्य नलिकेला इजा होण्याचं प्रमाण हजारात एक-दोन होतं. दुर्बीण आल्यावर ते हजारात तीन ते पाचवर गेलं. आकडा लहान आहे, पण ज्याच्या वाट्याला येतं त्याचं आयुष्य बदलतं: पुन्हा मोठं ऑपरेशन, वारंवार कावीळ, महिनोन्‌महिने खर्च. म्हणून 1995 मध्ये स्ट्रासबर्ग या सर्जननी एक शिस्त घालून दिली. पित्ताशयात जाणाऱ्या दोनच नळ्या, एक पित्ताची आणि एक रक्ताची, चारी बाजूंनी मोकळ्या दिसल्याशिवाय काहीही कापायचं नाही. आज चांगले सर्जन हे काटेकोरपणे पाळतात.

आणि ते दिसलंच नाही तर? तर पोट उघडायचं. ठरवून केलेल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये शंभरात दोन ते पाच जणांना असं ओपन करावं लागतं, सूज असताना आणखी जास्त. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना हे कळलं की चेहरे पडतात: "म्हणजे काहीतरी चुकला." बहुतेक वेळा उलट असतं. अंधारात कापण्यापेक्षा पोट उघडणारा सर्जन शहाणा. ज्याला कधीच ओपन करावं लागत नाही असं सांगितलं जातं, त्याच्याकडे मी स्वतः जरा जपूनच माणूस पाठवतो.

सूज असताना ऑपरेशन करावं की थांबावं? पूर्वी सरसकट म्हणत, औषधांनी सूज उतरवा, दीड-दोन महिन्यांनी या. जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीने 2013 मध्ये हे तपासलं. दाखल झाल्यापासून 24 तासांत ऑपरेशन झालेल्यांत गुंतागुंत सुमारे 12 टक्के, आधी औषधं देऊन नंतर केलेल्यांत 34 टक्के. अर्थात अनुभवी हात आणि भूल सोसण्याजोगी तब्येत हवी. पण "गणपती झाले की बघू" असं म्हणत तापासकट घरी परतणाऱ्यांना मी हा आकडा आवर्जून सांगतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली, पित्ताशयात खडे दिसले, त्रास मात्र काहीच नाही, अशा बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. त्यांच्यातल्या बहुसंख्य लोकांचे खडे आयुष्यभर मुके राहतात. आंबट ढेकर, जळजळ, डोकेदुखी हे त्रास खड्यांचे नव्हेत. पित्ताशय काढून ते जात नाहीत. खड्याचं दुखणं वेगळं: बेंबीच्या वर किंवा उजव्या बरगडीखाली, बरेचदा जेवणानंतर, अर्ध्या तासाहून अधिक सलग, पाठीकडे जाणारं, रात्री झोपेतून उठवणारं. दुर्बिणीने ऑपरेशन सोपं वाटू लागलं तसं ते नको तिथेही होऊ लागलं, ही माझी जुनी तक्रार आहे.

अपेंडिक्स, आतडं, हर्निया

अपेंडिक्समध्ये हिशोब जास्त सरळ आहे. जगभरच्या चाचण्या एकत्र केल्या तर दुर्बिणीच्या पद्धतीत जखमेचा जंतुसंसर्ग निम्म्याहून कमी, रुग्णालयात मुक्काम साधारण एक दिवस कमी, रोजच्या कामावर परतणं सुमारे पाच दिवस आधी. मात्र मोठ्या माणसांत पोटाच्या आत पू साचण्याचं प्रमाण दुर्बिणीत थोडं जास्त आढळलं. बाहेरची जखम स्वच्छ आणि आत गळू, असं होऊ शकतं. म्हणून टाके सुंदर दिसतात एवढ्यावर मी समाधान मानत नाही, ताप विचारतो.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबाबत सुरुवातीला मोठी भीती होती की भोकांच्या जागी गाठ पसरेल. अमेरिकेतल्या 872 रुग्णांच्या चाचणीने 2004 मध्ये ती बरीच दूर केली: तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण दुर्बिणीत 16 टक्के, ओपनमध्ये 18, म्हणजे सारखंच. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये प्रश्न अधिक नाजूक आहे, तिथे जागा अरुंद. त्यासाठी मी मोठ्या केंद्राकडेच पाठवतो आणि पद्धत त्यांच्यावर सोडतो.

हर्निया हा खरं तर पोटाच्या भिंतीचा आजार, भोक पडतं भिंतीला, पण त्या भोकातून उतरतं ते आतडं. चिरेखाणीत काम करणारे, होडीवर जाळी ओढणारे, आंब्याच्या पेट्या टेम्पोत चढवणारे, यांच्यात हा मला सतत दिसतो. जांघेच्या हर्नियात दुर्बिणीने त्या भोकावर आधाराची जाळी बसवली की दुखणं कमी आणि काम लवकर, हे खरं. पण 2004 मध्येच आलेल्या अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या चाचणीत, पहिल्यांदाच झालेला हर्निया दुर्बिणीतून दुरुस्त केलेल्यांत दोन वर्षांत तो 10 टक्के लोकांना पुन्हा झाला, ओपनमध्ये 4 टक्क्यांना. आत डोकावल्यावर कारण दिसलं: ज्या सर्जननी अशी 250 हून अधिक ऑपरेशनं केली होती त्यांचे निकाल ओपनइतकेच चांगले होते. हात बसायला एवढी माणसं लागतात. म्हणून "दुर्बीण आहे का?" यापेक्षा "तुम्ही हे किती वेळा केलंय?" हा प्रश्न विचारा. विचारायला लाजू नका. चांगल्या सर्जनला त्याचा राग येत नाही.

मच्छीमारांना मी वेळही सुचवतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. जांघेचा साधा, दुखणारा पण आत जाणारा हर्निया असेल तर जूनच्या सुरुवातीला करून घ्या, होड्या पाण्यात जाईपर्यंत भिंत भरलेली असेल. शेतीवाल्यांना नेमका तोच काळ लावणीचा, त्यांनी दिवाळीनंतरचा बघावा. अडकलेला, कडक झालेला, उलट्या करवणारा हर्निया मात्र पंचांग बघत नाही, त्याच रात्री निघायचं.

घरी आल्यावर

दुर्बिणीचा सर्वांत मोठा गाजलेला फायदा म्हणजे लवकर घरी जाणं. आमच्या भागात त्याचीच एक अडचण होते. पित्त गळणं, आतड्याला नकळत लागलेला चटका, आतड्याचा जोड उसवणं, या गोष्टी पुष्कळदा दुसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान डोकं वर काढतात. जुन्या पद्धतीत तेव्हा माणूस वॉर्डातच असायचा. आता तो आचऱ्याच्या किंवा देवगडच्या एखाद्या वाडीत, मुख्य रस्त्यापासून पाखाडी उतरून गेलेल्या घरात असतो. पावसात करूळ घाट बंद असला तर कोल्हापूर लांबच राहतं, आणि बांबोळीला गोवा मेडिकलमध्ये पोचायला काही तास जातात.

म्हणून दोन दिवसांत सुट्टी मिळाली तरी, घर लांब असेल तर तालुक्याच्या गावी एखाद्या नातेवाइकाकडे आणखी दोन-तीन दिवस राहा, असं मी सांगतो. आणि एक साधा नियम: ऑपरेशननंतर प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा बरा गेला पाहिजे. उतरणीला लागलेलं दुखणं पुन्हा चढू लागलं, ताप आला, पोट फुगून वारा सरेना, उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे दिसले, पडून असतानाही नाडी शंभरच्या वर धावते आहे, यातलं काहीही झालं तर माझ्याकडे येऊन सलाईन लावत वेळ घालवू नका. ज्यांनी ऑपरेशन केलंय त्यांना फोन करा आणि निघा. टाक्यांकडे बघून काही कळत नाही. ते शेवटपर्यंत छान दिसतात.

खर्चाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, पण कोणतं ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात बसतं हे वेगवेगळं असतं. दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा, रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या. नंतर धावपळ करून उपयोग होत नाही.

खाण्याबद्दल विचारतात, तर पित्ताशय नसलं तरी पित्त यकृतात बनतच राहतं, ते थेट आतड्यात उतरतं. काहींना थोडे दिवस पातळ शौचाला होतं, बहुतेकांचं जुळून येतं. नारळाचं वाटण, बांगडा, सोलकढी, सगळं हळूहळू परत सुरू करता येतं; जन्मभर वरणभात खाण्याची गरज नाही.

राहिला तपासणीचा कागद. काढलेलं पित्ताशय किंवा अपेंडिक्स प्रयोगशाळेत पाठवतात, आणि क्वचित त्यात कॅन्सर निघतो, जो डोळ्यांना दिसलेला नसतो. रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागतात. तोवर माणूस बरा झालेला असतो आणि कुणी तो आणायला जात नाही. टाके दाखवायला याल तेव्हा तो घेऊन या. नसेल आणला तर मी तिथूनच फोन लावतो.